शिडीच्या नावाने दोन मिनिटं

मी एक जुना बास्केटबॉल आहे. मित्रांनो, जुना असल्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती ज्या संघापायी माझं आयुष्य गेलं त्याची. कारखान्यात एका बाईने रबराच्या पोटावर दोरा गुंडाळून, वर एकेक पट्टी चिकटवून मला घडवलं. तिचा हात इतका नेमका, की आजवर माझी एकही पट्टी सुटलेली नाही. मग मी एका कॉलेजच्या मुलींच्या संघाकडे आलो आणि नेमकेपणाशी माझा संबंध संपला.

या संघाला एकच गोष्ट येत होती. मला वर फेकायचं. वर शिडी असायची. शिडी म्हणजे त्यांची सेंटर, बास्केटखाली उभी राहणारी, सगळ्यांत उंच मुलगी. तिच्या हातांत मी अलगद बसायचो. तेवढंच काय ते सुख. बाकीच्या चौघी मला तिच्याकडे भिरकावून कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या, आणि जिंकल्यावर फोटोत पुढे याच. त्यांचे सर याला डावपेच म्हणत.

महिनाभर शिडी सांगत होती, उडी मारून खाली आलं की गुडघा दुखतो. सर म्हणाले, पट्टी बांध. कप्तान म्हणाली, एवढी स्पर्धा होऊ दे. पट्टी बांधून ती खेळली आणि एका संध्याकाळी मला झेलून खाली आली, ती पुन्हा उभी राहिली नाही. लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि यापुढे खेळाचं नाव काढू नका म्हणाले.

झालं. बैल गेला आणि झोपा केला. शिडीची जर्सी खुर्चीवर पांघरली, तिचा फोटो भिंतीवर लावला आणि रोज सरावाआधी दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. मुलगी चांगली जिवंत होती! दोन रस्ते पलीकडे, आईच्या घरी, उशीवर पाय ठेवून पडली होती. तिकडे एकही फिरकली नाही. का, तर त्यांना तिची अवस्था बघवणार नव्हती म्हणे.

शांतता संपली की चौघी सवयीने मला पुन्हा वरच फेकायच्या, जिथे कुणीच नव्हतं. पंधरा दिवस मी खिडकीच्या गजांवर आपटत राहिलो. प्राचार्यांनी बजावलं होतं, यंदा पहिल्या फेरीत हरलात तर पुढच्या वर्षी संघ नाही. म्हणून सरांनी एक नवी सेंटर शोधून आणली. ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक स्टुलाशिवाय काढते, एवढीच तिची लायकी. तिला सगळ्या ताडमाड म्हणू लागल्या. मी जवळ आलो की ती डोळे मिटायची.

आणि एके दिवशी, ती दोन मिनिटं चालू असताना, दारात कुबड्यांवर शिडी आली. कपाटात राहिलेले बूट न्यायला आली होती. माना खाली घातलेल्या मुली, भिंतीवर स्वतःचा फोटो. दोन मिनिटं संपेपर्यंत ती थांबली.

"झालं का? येऊ आत?" तिने विचारलं.

कप्तान रडायलाच लागली. आम्हाला तुझी किती आठवण येते, असं काहीबाही बोलत राहिली.

"महिनाभर दुखतंय म्हणत होते," शिडी म्हणाली. "तेव्हा दोन मिनिटं मिळाली नाहीत गं कुणाला."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. शिडीने खुर्चीवरची जर्सी बाजूला केली आणि त्याच खुर्चीत बसली. बूट नेलेच नाहीत. रोज येऊ लागली. मी कुणाच्या खांद्याच्या वर गेलो की ती कुबडी आपटून खेळ थांबवायची. मुली थोड्या सुधारल्या. थोड्याच.

पहिल्या फेरीच्या सामन्याला नवा चेंडू होता. मी जाळीच्या पिशवीत, बाकाखाली. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आपला संघ एका गुणाने पुढे होता. ताडमाड उडी मारून खाली आली आणि लंगडली. घोटा दुखतोय, ती कप्तानला म्हणाली. सर रेषेवरून म्हणाले, पट्टी बांधू, एवढा शेवट होऊ दे.

मला वाटलं, आता कप्तान मान डोलावणार. या संघाकडून दुसरी अपेक्षा मी कधी केली नव्हती.

"नाही सर. ती बसेल," कप्तान म्हणाली, आणि तिला खांद्याला धरून बाहेर घेऊन आली.

तिच्या जागी आलेली मुलगी बुटकी होती. समोरच्यांनी तिच्या डोक्यावरून दोनदा बास्केट केली. तीन गुणांनी हरलो. संघ बंद झाला आणि मी भांडाराच्या कपाटात आलो, हवा गेलेला, धुळीने माखलेला. मित्रांनो, चेंडू वापरता तसा जपाही, एवढं मी सांगितलं असतंच. पण चेंडू दुसरा मिळतो. कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याला आधी खाली बसवा.

त्या दिवशी बाकावर ताडमाडने विचारलं होतं, "माझ्यामुळे हरलो ना?"

"हो," कप्तान म्हणाली. "बर्फ नीट धर."