बुडबुडा न आलेलं पंक्चर

मित्रांनो, मी एक जुनं पिंप आहे. खरं सांगायचं तर अर्धंच. अंबरनाथच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर भीमरावांचं पंक्चरचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पुढ्यात मला पाण्यानं भरून ठेवलेलं असतं. तुम्ही बाबांच्या गाडीवरून जाताना मला पाहिलंही असेल, पण लक्षात ठेवण्यासारखं माझ्यात काही नाही, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म तेलाचं पिंप म्हणून झाला. तेल संपल्यावर उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनं मला भंगारात घेतलं आणि छिन्नीनं मधोमध कापून माझे दोन भाग केले. दुसरा भाग त्याच संध्याकाळी कुणीतरी टेम्पोत घालून नेला. तो कुठं आहे, त्याच्यात पाणी आहे की माती, मला आजवर कळलेलं नाही. एकटेपणाची ओळख मला तेव्हापासूनची. मग भीमराव आले. कुणाचा हात कापू नये म्हणून त्यांनी माझ्या धारदार कडा ठोकून आत वळवल्या आणि मला कामाला लावलं.

काम सोपं होतं. भीमराव चाकातून ट्यूब काढत, तिच्यात हवा भरत आणि थोडी थोडी करून ती माझ्या पाण्यात दाबत. जिथं भोक असेल तिथून बुडबुडे वर येत. त्यावर कुणाचा वाद चालत नसे. "निघालं बघा," एवढंच भीमराव म्हणत. गाडीवाला वाकून बघे आणि त्याचा चेहरा माझ्यात दिसे. मग पॅच लागेपर्यंत तो स्टुलावर बसे, चहा मागवे, घरचं-दारचं बोले. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या कंपनीतली कपात, सगळं मी ऐकलं आहे. माझं पाणी गढूळ आहे म्हणून नाक मुरडणारेही बोलताना माझ्याकडेच बघत. ती वर्षं फार सुखाची होती.

पुढं बिनट्यूबची टायरं आली आणि त्यांच्यामागून लिक्विड आलं. लिक्विड म्हणजे हिरवट, चिकट औषध. ट्यूब असो वा नसो, व्हॉल्व्हमधून ते चाकात सोडायचं आणि गाडी थोडी पळवायची, की ते आतून सगळीकडे पसरतं. खिळा घुसला तरी ते भोकाशी जाऊन घट्ट बसतं. हवा जात नाही आणि गाडीवाल्याला काही झाल्याचा पत्ताही लागत नाही. भर उन्हात गाडी ढकलणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत, तेव्हा लिक्विडला मी नावं ठेवणार नाही. पण लोक थांबेनासे झाले. आता माझ्यातलं पाणी दिवसभर हलत नाही. डास होतील म्हणून भीमराव ते अधूनमधून ओतून देतात आणि नवं भरतात, तेवढाच काय तो माणसाचा हात लागतो.

अशा दिवसांतही एक माणूस नेमानं येई. त्यांचं नाव कोंडाजी. ते इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर बदलापूरला, बेलवलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्यांच्या पत्नी बनूबाई वारल्या होत्या. मुलगा जितेश आणि सून ऋतिका सकाळीच कामाला जात, नात चिमी शाळेत जाई आणि कोंडाजी घरात एकटे उरत. मग बँकेचं काहीतरी निमित्त काढून ते जुन्या मोटारसायकलवरून अंबरनाथला येत. आमच्या दुकानाजवळ आले, की त्यांचं मागचं चाक हमखास बसलेलं असे.

दर वेळी टायरमधून एकाच जातीचा खिळा निघे. चपलेच्या तळव्याला मारतात तसला, बारीक आणि चकचकीत. रस्त्यावर पडलेला खिळा वाकडा असतो, गंजलेला असतो. हा मात्र डोक्यापर्यंत सरळ बसलेला असे. तो कोण ठोकतं ते मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. दुकानातून दिसणाऱ्या अलीकडच्या वळणावर थांबून कोंडाजी स्वतःच तो ठोकत होते. काम नसताना दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. धंद्याच्या वेळी कुणाची खोटी करू नये, असं ते नेहमी म्हणत. गिऱ्हाईक झालं की मात्र हक्कानं बसता येतं. भीमरावांनाही हे ओळखू आलं होतं. ते खिळा काढून मुठीत दाबत आणि रस्ताच खराब आहे म्हणून विषय बदलत.

एका रविवारी जितेश वडिलांना घेऊन आला. बाबांची गाडी पुन्हा पुन्हा एकाच जागी पंक्चर होते, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्यानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला होता.

"काय भीमराव, गिऱ्हाईक नाय म्हणून रोडवर खिळे टाकता काय? म्हातारा माणूस आहे. पडला-बिडला असता म्हणजे?"

शेजारच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. पंक्चरवाल्यावर यापेक्षा वाईट आळ नाही, मित्रांनो. असं ज्याच्याबद्दल एकदा बोललं गेलं, त्याच्या दारात पुन्हा गाडी उभी राहत नाही. भीमरावांनी खरं काय ते सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथं सुटले असते. त्यांनी कोंडाजींकडे पाहिलं. कोंडाजी मान खाली घालून उभे होते. त्यांचा चेहरा माझ्या पाण्यात पडला होता आणि तो माझ्यानं बघवला नाही.

"यापुढं नाही होणार," भीमराव म्हणाले.

जितेशनं त्याच दिवशी उल्हासनगरला जाऊन दोन्ही चाकांत लिक्विड भरून घेतलं. वडिलांवर त्याचा जीव होता म्हणूनच त्यानं ते केलं, यात शंका नाही. पण कोंडाजी यायचे थांबले. इतर लोकही कमी झाले. कारखान्यातली ओळखीची माणसं बसलेल्या चाकाची गाडी आमच्या समोरून ढकलत पुढच्या दुकानात नेऊ लागली. भीमराव सकाळी स्टूल बाहेर मांडत आणि संध्याकाळी ते तसंच आत नेत. मला करमेनासं झालं. भीमरावांनाही करमत नसावं, कारण ते उगाचच माझं पाणी बदलत राहत.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी कोंडाजी आले. गाडी ढकलत आले, पण चाकात हवा होती. ते लांबूनही दिसत होतं.

"हवा उतरतेय वाटतं, भीमराव," ते म्हणाले.

भीमरावांनी काही न विचारता चाक उघडलं. टायरभर नवे खिळे ठोकलेले होते. बिचाऱ्यांनी पुष्कळ खटपट केली होती, पण लिक्विडनं प्रत्येक भोक बुजवून टाकलं होतं. भीमरावांनी सगळे खिळे उपटले, ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती माझ्यात दाबली. पूर्ण फिरवली. परत एकदा फिरवली. एकही बुडबुडा आला नाही. आता कोंडाजींना परत जावं लागणार, या विचारानं मी अगदी रडकुंडीला आलं.

भीमराव पाण्यात बघतच म्हणाले, "निघालं बघा, काका. बारीक आहे. बसा, वेळ लागेल."

कोंडाजी वाकून बघत होते. जन्मभर फिटरचं काम केलेल्या त्या माणसाला पाण्यात काहीच आलेलं नाही हे दिसलं होतं. ते स्टुलावर बसले. लिक्विड लागलेल्या रबराला पॅच धरत नाही, म्हणून भीमराव ट्यूब पुसत राहिले, घासत राहिले.

थोड्या वेळानं कोंडाजी म्हणाले, "खिळे मीच मारत होतो, असं सांगितलं जितेशला."

"काय म्हणाला?"

"गाडीची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली."

भीमरावांनी टपरीवाल्याला चहा सांगितला. मग ट्यूबवर एक चांगली जागा बघून, जिथं भोकच नव्हतं तिथं, नीट दाबून पॅच लावला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. गंजलं तर मी भंगारात जाईन, त्याचं एवढं काही नाही. पण तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस पंखा आवाज करतोय, चष्मा सापडत नाही, असलं काहीतरी काम काढून तुमच्या खोलीच्या दाराशी आलं, तर ते काम खरंच आहे का, हे तपासू नका. आत बोलवा, बसवा, आणि वेळ लागेल म्हणून सांगा.