बिरुदं संपेपर्यंत

त्या काळी राजेलोक काहीही सोडतील, पण रीत सोडत नसत. दोन सैन्यं समोरासमोर उभी राहिली, की आधी दोन्हीकडच्या भाटांनी आपापल्या राजाची बिरुदं गायची. ती पुरी झाल्याशिवाय कुणी बाण सोडायचा नाही, आणि सूर्य बुडाल्यावर तर मुळीच नाही. माणसं मारायची खरी, पण रीतसर.

आपला भाट या कामात मुरलेला. पण त्या सकाळी पायदळाच्या पहिल्या रांगेत त्याचा थोरला मुलगा उभा होता. पहिली रांग म्हणजे काय, ते सांगायला नको. राजे मागे, रथात, छत्राखाली. आणि पुढे ही पोरं, हातात वेताच्या ढाली घेऊन. निघताना भाटीण एवढंच म्हणाली होती, "इतकी वर्षं त्या राजासाठी तोंड वाजवलंत. आज पोरासाठी वाजवा."

समोरच्या भाटाने थोडक्यात उरकलं. मग आपल्या भाटाने घसा खाकरला आणि सुरुवात केली.

नेहमीची बिरुदं पहिल्या प्रहरातच संपली. मग त्याने राजाचे पणजोबा काढले, पणजोबांचे घोडे काढले. तेही सरल्यावर मात्र थापांना ऊत आला. राजाला एकदा कुत्रं चावलं होतं, त्याचा सिंह झाला. नदी राजाने नोकराच्या खांद्यावर बसून ओलांडली होती. भाटाने नोकर गाळला आणि नदीचा समुद्र केला. राजाने एकट्याने, नुसत्या हुंकारावर, अख्खी सैन्यं पळवली, असंही तो सांगून बसला. सेनापती जांभया देत होता. पोरं ढालींवर टेकून पेंगत होती. भाटाची जीभ टाळूला चिकटायला लागली, पण थोरल्याची मान दिसली, की तो आणखी एक राक्षस जन्माला घालायचा आणि राजाच्या हातून मारवायचा. इकडे रथात राजाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

अखेर सूर्य बुडाला. एकही बाण न सुटता सगळे जेवायला गेले.

राजाने भाटाला डेऱ्यात बोलावलं. आता आपलं काही खरं नाही, असं म्हणतच भाट आत शिरला. राजाने त्याला जवळ बसवून घेतलं.

"भाटबुवा, मी केवढा आहे, हे मला आज कळलं. एवढा पराक्रम अंगात असताना ही हजारो माणसं पुढे उभी करायची, म्हणजे लाजच की. उद्या मी एकटा लढणार. सैन्याला घरी जायचा हुकूम आत्ताच सोडलाय."

राजाला धनुष्याची दोरी चढवायलाही दोन माणसं लागतात, हे भाटाइतकं कुणाला ठाऊक होतं? शिवाय अन्न खाल्लं होतं त्याचं. एक वाक्य खरं बोललं असतं, तर सगळं थांबलं असतं. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात बाहेरून थोरल्याचा आवाज आला. सामान बांधता बांधता तो कुणाला तरी विचारत होता, उजाडेपर्यंत घरी पोचू ना. भाटाने तोंड मिटलं.

"फक्त एक करा," राजा म्हणाला. "उद्या फार लांबवू नका. हात शिवशिवतायत माझे."

"नाही महाराज," भाट म्हणाला, "उद्या थोडक्यातच आवरतो."