खालचा चेंडू

“खाली,” कॉन पंचाला म्हणाला आणि बॅट सरसावून उभा राहिला.

“टायर्नी, ते आता बंद झालं,” पंच म्हणाले. “गोलंदाज टाकेल तो खेळायचा.”

हंगामाचा पहिलाच सामना होता. लोक हसले. कॉन माझा नवरा, म्हणून बायकांच्या बाकावर बसून मीही हसल्यासारखं केलं.

गेल्या वर्षापर्यंत, म्हणजे अठराशे शहाऐंशी सालापर्यंत, आमच्या बेसबॉलमध्ये फलंदाजानं आधी सांगायचं, चेंडू वर हवा की खाली, आणि गोलंदाजानं तिथंच टाकायचा. कॉन नेहमी खालचा मागायचा. त्यावरच तो साऱ्या लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला आणि गावच्या दुकानदारांनी त्याला चांदीचं ताट दिलं. लोक म्हणायचे, काय मिजास आहे, वरच्या चेंडूकडे ढुंकून बघत नाही. मिजास कसली! पोरवयात वीटभट्टीवर विटांची थप्पी खांद्यावर कोसळली, तेव्हापासून त्याचा डावा हात छातीच्या वर उठतच नाही. रोज त्याच्या कॉलरचं बटण मी लावते. हे घराबाहेर जाता कामा नये, अशी त्यानं लग्नाआधीच मला शपथ घातली होती. लंगड्या घोड्यावर पैसा कोण लावतो, म्हणायचा.

नियम बदलल्यावर मी परसात त्याच्या छातीच्या उंचीवर बटाटे फेकू लागले. त्याला एक लागेल तर शपथ. तुझा नेमच वाईट, असं तो मला म्हणायचा. मी म्हणायचे, वाईट तर वाईट, पण आमटीपुरते तरी बटाटे शाबूत राहतात. हसायचा बिचारा. महिनाभर मैदानावरही तेच चाललं. शेवटी मॅनेजर पेल्टननं सांगून टाकलं, की शनिवारच्या सामन्यात खेळून दाखव, नाहीतर वीटभट्टी आहेच.

शनिवारी समोरच्या संघाकडून गोलंदाज आला ऑगस्ट हिंकेल. आधी दोन वर्षं तो आमच्या संघात होता आणि आमच्याच माडीवर राहायचा. एकदा मी बटण लावत असताना तो दारात आला होता आणि बघून न बघितल्यासारखा परत गेला होता. त्यानं पहिलाच चेंडू गुडघ्याशी टाकला. कॉननं तो थेट कुंपणापार धाडला. लोक उठून उभे राहिले, पेल्टननं टोपी उडवली. माझ्या जिवात जीव आला.

कॉन पुन्हा खेळायला आला, तेव्हा हिंकेलचा कप्तान त्याच्यावर ओरडत होता. पुन्हा खाली टाकलास तर आज रात्रीच गाशा गुंडाळायचा, म्हणत होता. हिंकेलच्या घरी चार पोरं. तरी त्यानं खालीच टाकला.

कॉननं बॅट हलवली नाही. पंचांनी चेंडू हुकलेल्यात धरला.

“ऑगस्ट,” कॉन म्हणाला, “वर टाक.”

मला वाटलं, उठावं आणि त्याच्या मुस्काटात मारावी. आपली भाकरी अशी कोणी दुसऱ्याच्या ताटात टाकतं का?

हिंकेलनं वर टाकला. कॉननं बॅट उचलली, डावा हात अर्ध्यावर अडला आणि तो अर्धवट उचललेला हात साऱ्या मैदानानं पाहिला. पुढचेही तसेच गेले आणि तो बाद झाला. या वेळी कोणी हसलं नाही. पेल्टन त्याच्याकडे न बघता म्हणाला, की सोमवारपासून येऊ नकोस.

संध्याकाळी हिंकेल आमच्या दारात आला. आत यायला धजेना. कॉननंच त्याला ओढून टेबलाशी बसवलं. मी कोबी आणि खारवलेलं मांस वाढायला घेतलं. भांडी मी जरा आपटूनच ठेवत होते.

दोन्ही हातांनी उचलावं लागणारं ते चांदीचं ताट सगळ्यात वरच्या फळीवर होतं. ते मीच तिथं ठेवलं होतं आणि मीच काढून पुसायची. पाहुण्यांसमोर कॉन त्या फळीकडे बघायचासुद्धा नाही.

“ऑगस्ट,” तो म्हणाला, “तेवढं वरचं ताट काढ रे. माझा हात पोचत नाही.”

हिंकेल उठला, ताट काढलं आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसून माझ्यापुढं ठेवलं. मी त्यात बटाटे वाढले.