पाण्यावर चालणारे तोडे

सारंगखेड्याच्या जमुनाबाईने चांदीचे तोडे चुलीखाली पुरून ठेवले होते. किती वर्षं, ते विचारू नये. अंगणातल्या कडुलिंबाचं मूळ जमिनीखालून चालत आलं आणि एक तोडा मनगटात घालून बसलं, इतकी! दर अमावास्येला जमुनाबाई माती उकरून तोडे बघायची, मुळाला दटावायची, पुन्हा झाकायची. वैशाखात तिच्या लेकीचं, मंगळीचं, लग्न होतं, आणि नवरीच्या पायात तोडे हवेतच, असं होणाऱ्या विहिणीने, रुखमाबाईने, बजावून ठेवलं होतं.

त्या वर्षी एक खादीवाला गृहस्थ बाजारात ओरडून गेला, "देशाची चांदी चुलीखाली घोरते आहे! ती कामाला लागली की देश उभा राहील!" लोक हसले. जमुनाबाईची मात्र झोप उडाली. चांदी काम करते म्हणजे काय करते? नांगर धरते?

तिने दाऊद सुताराला गाठलं. तापीवर त्याची होडी चालायची, पण एवढीशी, की शेळी शिंकली तरी आत पाणी यायचं. जमुनाबाईची टरबुजं दरवर्षी अलीकडच्या वाळूतच नासायची, कारण दोंडाईच्याची आगगाडी पलीकडे.

"जमुनाबहीन," दाऊद म्हणाला, "मोठी नाव बांधू. चांदी तुन्ही, हात मन्हा. जे येई ते निम्मं-निम्मं."

तिने मुळाच्या हातून तोडा ओढून घेतला. झाड महिनाभर रुसून पिवळं पडलं होतं म्हणतात.

तोडे सोनाराकडे गेले, अक्कलकुव्याकडून सागवान आलं, नाव उभी राहिली. अमावास्या आली आणि जमुनाबाईचे हात शिवशिवू लागले. आता उकरायचं कुठे? ती नावेत शिरली आणि एकेक फळी ठोकून बघू लागली. नाकाकडची एक फळी खणखणली.

"हाईच! मन्ही चांदी हाई फळीमा शे! कोणी पाय नका ठेवा!"

दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला माणसं त्या फळीवरून उडी मारून नावेत चढू लागली. भीमसिंग आपला काठेवाडी घोडा घेऊन आला.

"घोडाले काय सांगू, बाई?"

"सांग, नवरीना तोडा शे म्हणून!"

घोड्याला मानपान कळेना. त्याने नेमकी तीच फळी लाथाडली. फळी अशी उडाली, की तिची एक ढलपी सुरतेच्या बाजारात सापडली म्हणे.

"बुडनी व माय, मन्ही चांदी बुडनी!" जमुनाबाईने वाळूत बसकण मारली.

दाऊदने शांतपणे बाभळीची फळी ठोकली. दिवस मावळायच्या आत नाव पुन्हा पलीकडे गेली.

जमुनाबाई रडायची थांबली. चांदीची फळी गेली, मग हे काम कोण करतंय? हिवाळाभर ती काठावर बसून बघत राहिली. घोडे गेले, मीठ आलं. पलीकडे उतारूंसाठी कोणी फुटाण्यांचं दुकान मांडलं, नदीकाठच्या लोहाराने दुसरा भाता घेतला. चैत्रात तिची टरबुजं आगगाडीत बसून सुरतेला गेली. हातात वाटा आला. लग्न तोंडावर, सोनार दारावरून जात होता. तिने त्याच्याकडे बघितलं, नदीकडे बघितलं, आणि नावेला शीड घेतलं.

लग्नात रुखमाबाईने नवरीचं लुगडं घोट्यापर्यंत उचललं.

"तोडे कोठे शेतस?"

मंगळीने मान खाली घातली. जमुनाबाईने विहिणीचा हात धरून तिला सरळ नदीवर नेलं.

"ते काय, चाली ऱ्हायनात. तुमना गावले मीठ तेच पुरवतस."

"पानीवर?"

"बसा, देखा."

रुखमाबाई नाक मुरडत बसली. पलीकडे पोचेपर्यंत तिने सगळ्या फळ्या ठोकून बघितल्या. परत येताना तिचा एक हात कमरेच्या चांदीच्या पट्ट्यावर होता.

काठ आल्यावर ती हळूच म्हणाली, "दाऊदभाई, दुसरी नाव कव्हय बांधशी?"

मग ती मांडवात गेली आणि तिने स्वतः अक्षता वाटल्या.