इनेजनं दाखवलेलं सिएना

इनेज डाबरे अकरा वर्षं दुबई मरीनातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत इटलीच्या टूर आखत होती. कुठल्या चौकात ऊन कधी येतं, कुठल्या चर्चसमोर रांग लागते, दमलेल्या माणसाला टेकायला बाक कुठे आहे, सगळं तिला पाठ होतं. स्वतः ती मात्र वसई आणि दुबई सोडून कुठेच गेली नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी विभावरी केळकरांचा फोन आला. दुबईच्याच अल बर्शा भागातल्या चार मराठी कुटुंबांचा त्यांचा ग्रुप इटलीतल्या सिएना शहरात बसमधून उतरून अर्धा तास उभा होता आणि गाइड आलाच नव्हता. इनेजनं गाइडचा नंबर लावला, तेव्हा त्याच्या बायकोनं सांगितलं की तो जिन्यावरून पडला आणि पायाला प्लॅस्टर चाललंय. दुसरा गाइड मिळेना. ग्रुपकडे तेवढाच एक दिवस होता.

तिचा बॉस व्हर्नन म्हणाला की सॉरीचा मेसेज टाक, फोनमध्ये मॅप बघत फिरतील, खलास. इनेजनं हेडफोन चढवले, स्क्रीनवर नकाशा उघडला आणि विभावरीला सगळ्यांना एका कॉलवर घ्यायला सांगितलं.

"इयरफोन लावा. मी नेते तुम्हाला."

पहिली पाच मिनिटं ती नकाशावरची नावं नुसती वाचून दाखवत होती. मग ग्रुप मुख्य रस्त्याला लागला आणि ती जे जे सांगेल ते ते समोर येऊ लागलं. टोकदार कमानींच्या खिडक्या आल्या, सावकारांचे जुने दगडी वाडे आले. पुढे शहराच्या मुख्य चौकात उतरायचा बोळ दुरुस्तीसाठी बंद होता.  इनेजनं नकाशावर बोट फिरवलं, उजवीकडच्या रस्त्यानं थोडं पुढे नेलं आणि डावीकडच्या कमानीतून खाली उतरायला सांगितलं. ती आता खुर्चीवरून उठून ऑफिसभर चालत होती.

ग्रुप चौकात उतरला. इनेज शिंपल्याच्या आकाराबद्दल, विटांच्या नऊ पाकळ्यांबद्दल, त्या काळी शहर चालवणाऱ्या नऊ जणांबद्दल सांगू लागली. विभावरीची बारा वर्षांची शुभ्रा मध्येच म्हणाली, "इट्स लाइक वॉकिंग इनसाइड अ बोल."

इनेज थांबली. चौकाला उतार आहे हे तिनं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलं होतं. तो पायांना असा लागतो, हे तिला आत्ता कळलं.

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कॅथेड्रलच्या बाजूला छप्पर नसलेली एक प्रचंड भिंत एकटीच उभी होती. शहराला हे कॅथेड्रल आणखी मोठं करायचं होतं, इनेज म्हणाली, पण प्लेग आला, निम्म्याहून जास्त माणसं गेली आणि काम थांबलं. विभावरीचे यजमान प्रकाश साइट इंजिनियर. ते भिंतीपाशीच रेंगाळले, खांब न्याहाळले आणि म्हणाले की एवढ्या उंचीला हे बारीक पडतात. इनेजनं सांगितलं की तेव्हाही हाच दोष सापडला होता. प्रकाश खूश होऊन ते सगळ्यांना पुन्हा समजावू लागले.

दोन तास कसे गेले कळलं नाही. शेवटी बाकावर बसलेल्या कुंदामावशींनी, विभावरीच्या सासूबाईंनी, विचारलं, "तू किती वेळा आलीस गं इथे?"

"एकदाही नाही, मावशी."



"मग आता मी सांगते, तू ऐक," कुंदामावशी म्हणाल्या. भिंतीचा दगड हाताला कोमट लागतोय, वरच्या खिडकीत कुणीतरी कांदा परततंय, पारव्यांनी छप्पर व्यापलंय, आणि घंटा वाजायला लागली की ती आधी छातीत वाजते. त्या सावकाश सांगत राहिल्या. इनेज मरीनाकडच्या काचेशी डोळे मिटून उभी होती.

हेडफोन काढून ती वळली तेव्हा व्हर्नन मागेच होता. बराच वेळ ऐकत असावा. ऑक्टोबरचा सिएनाचा ग्रुप मी स्वतः घेऊन जाणार, असं तिनं त्याला सांगितलं. तो हसून इन्शाल्ला म्हणाला.

"इन्शाल्ला नको, व्हर्नन. तारीख सांग."

त्यानं कॅलेंडर उघडलं. अकरा ऑक्टोबर. इनेज तिथेच त्याच्या टेबलाशी बसली आणि व्हिसाच्या फॉर्मवर स्वतःचं नाव लिहू लागली. हात इतका भरभर चालला की आडनाव चुकलं आणि तिला ते पुन्हा लिहावं लागलं.