पिशवीतली माती

चष्म्याच्या दुकानदाराला लोक 'अध्यक्ष' म्हणायला लागले की समजावं, आता हा गल्ल्यावर कमी आणि व्यासपीठावर जास्त सापडणार. गावातल्या छोट्याशा ज्यू समाजाचे हे अध्यक्ष असेच. प्रार्थनागृहातला पंखा लावायचा की बंद ठेवायचा यावरूनसुद्धा जिथे दोन तट पडत, तिथे एकमताने निवडून आलेला हा एकच माणूस. कारण साधं होतं, बोलणं गोड. इस्रायलवर बोलायला उभे राहिले की म्हाताऱ्यांचे रुमाल बाहेर निघत. "ती माती आपल्याला हाक मारते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आज संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतले समाजप्रमुख जमणार होते. 'इस्रायल आणि मी' या विषयावर प्रत्येकाने मनातलं बोलायचं होतं. अध्यक्षांच्या मनात काय होतं ते मात्र सभेत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तर ते सभेआधी शिंपीण मावशींच्या खोलीत शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर अवघडून बसले होते.

समाजातल्या प्रत्येक मयताचं कफन मावशी शिवत. पांढरं साधं कापड, हाताने घातलेले टाके, दोऱ्याला कुठे गाठ मारायची नाही. इस्रायलला जायची इच्छा त्यांनाही होती, पण "मी गेले तर मागे राहिलेल्यांचं कोण शिवणार," म्हणून त्या राहून गेल्या. मागच्या वर्षी अध्यक्ष समाजप्रमुखांबरोबर तिकडे निघाले, तेव्हा मावशींनी कफनाच्या उरल्या कापडाची एक इवलीशी पिशवी शिवून त्यांच्या हातात दिली. मयताच्या डोक्याखाली इस्रायलची चिमूटभर माती ठेवायची त्यांच्यात रीत आहे. "माझ्यापुरती आण रे," मावशी म्हणाल्या होत्या. "मला नाही जाता आलं, निदान डोकं तरी तिथल्या मातीवर टेकू दे."

अध्यक्ष गेले. एसी बसमधून फिरले, पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढले, हॉटेलच्या जेवणावर यथेच्छ ताव मारला. पिशवी कोटाच्या आतल्या खिशात होती तशीच राहिली. परतल्यावर टॅक्सीत रुमाल काढताना ती हाताला लागली, रिकामीच. घरी जाण्याआधी त्यांनी टॅक्सी प्रार्थनागृहाकडे वळवली, मागच्या नळापाशी वाकले आणि तिथली माती पिशवीत भरली. एका म्हातारीचं समाधान होतंय तर कोणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला समजावलं. वेळ मारून न्यायची सवय माणसाला फार लवकर लागते.

पण मावशींना ती एकटीपुरती ठेवणं पटेना. समाजात कोणी गेलं की त्या पिशवीतली चमचाभर माती काढून द्यायच्या. "सगळ्यांची आहे ती," म्हणायच्या. असे तिघे गेले. तिघांच्याही डोक्याखाली अध्यक्षांनीच ती माती ठेवली, कारण तो मान त्यांचा. गेल्या आठवड्यात बेकरीवाल्याच्या वडिलांच्या वेळी त्यांच्या तळहातावर मातीबरोबर पिवळ्या रंगाचा एक पापुद्रा आला. प्रार्थनागृहाच्या मागच्या भिंतीचा. अध्यक्षांनी मूठ झाकली. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. स्वतःची अशी किळस त्यांना कधीच आली नव्हती.

"काय रे, चेहरा का उतरलाय?" मावशी म्हणाल्या. "भाषण पाठ नाही झालं वाटतं."

"मावशी, ती माती तिकडची नाहीये."

मशीनचं चाक फिरवणारा मावशींचा हात थांबला.

"मी विसरलो. चार दिवस तिथे होतो, एकदासुद्धा खाली वाकलो नाही. इथे आल्यावर आठवलं. आपल्या नळाजवळची आहे ती."

मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती कपाटाकडे मान वळवली. पिशवी तिथेच होती, वरच्या खणात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली.

"मग त्या तिघांना आपण काय दिलं?" त्यांनी विचारलं.

अध्यक्ष स्टुलावरून उठले. मग ते घाईघाईने म्हणाले, "आज सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकतो. माफी मागतो. राजीनामा देतो."

"म्हणजे तुम्ही मोकळे." मावशी त्यांना जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो करत होत्या. "आणि त्यांच्या पोरांनी काय करायचं? कबरी उकरायच्या? बापाला शेवटचं जे दिलं ते खोटं होतं, हे घेऊन घरी जायचं? काही सांगायचं नाही. लाज तुमची आहे, तुम्हीच वाहा."

"निदान तुमच्यासाठी तरी पुन्हा जातो. खरी आणतो."

"नको." मावशींनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो दोनदा हुकला. "आता माझ्या डोक्याखाली हीच ठेवायची. त्यांना जे मिळालं तेच मला. आणि तुमच्याच हाताने ठेवायची."

अध्यक्ष तिथून सरळ सभेला गेले. न जाऊन करणार काय, खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे येऊन बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा मातीच्या हाकेचं ते ठरलेलं वाक्य त्यांनी काढलं नाही. "मी तिथे गेलो होतो, पण मला काही दिसलं नाही," एवढं म्हणाले आणि अडकले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बेकरीवाला उठला. "अध्यक्ष लाजतायत, मी सांगतो," तो पाहुण्यांना म्हणाला. "माझे वडील आयुष्यभर म्हणायचे, एकदा इस्रायलला जायचंय. भट्टी सोडून कुठे जाणार? गेल्या आठवड्यात वारले. ह्या माणसाने तिकडून माती आणली होती, म्हणून माझा बाप शेवटी पोचला. मी आता घरात निवांत झोपतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गावच्या प्रमुखांनी चष्मा काढून डोळे पुसले. बेकरीवाला पुढे आला आणि त्याने अध्यक्षांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ज्या हाताने माती ठेवली होती, तोच.

दाराशी मावशी उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. अध्यक्षांनी हात सोडवून घेतला नाही. मान खाली घालून ते उभे राहिले आणि टाळ्या थांबेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.