दारातला घास

"आधी खा, मग बोल," म्हणत योनसिलने टोफूची वाफाळती वडी आईच्या तोंडापाशी नेली.

बोकर्येने मान फिरवली. तुरुंगाचं लोखंडी दार तिच्यामागे नुकतंच बंद झालं होतं. अंगात महिनाभराची थंडी मुरली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. सुटून आलेल्याने दारातच टोफू खाल्ला की पुन्हा आत जावं लागत नाही, हे सोलमधलं शेंबडं पोरही सांगेल.

रस्त्यापलीकडे बाकीच्या आया तुरुंगातल्या मुलांचे फोटो छातीशी धरून फुटपाथवर बसल्या होत्या. त्यांच्यात बसली म्हणूनच बोकर्येला उचललं होतं. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून धरलेला तिचा मुलगा थेग्यू मात्र अजून आतच होता.

"अगं, एक घास!" योनसिलचा आवाज चिरकला. "गिरणीतला मुकादम म्हणालाय, आई पुन्हा तिथे बसली तर तू कामावर येऊ नकोस. थेग्यू आत, तू आत, आता मीही घरी बसू? खायचं काय, दगड?"

बोकर्येला भडभडून आलं. पोरीची बोटं सुताने कापलेली होती. थेग्यूच्या कॉलेजची फी त्याच बोटांनी भरली होती. तिने वडी हातात घेतली, ओठांपर्यंत नेली आणि थांबली.

"हे खाल्लं की परत इथे यायचं नाही. असंच ना?"

"असंच."

"मग नको गं बाई. मला यायचंय."

तेवढ्यात दारावरचा पहारेकरी पुढे आला. "मावशी, घरी जा बघू. उगाच आमच्या डोक्याला ताप."

"तूच खा रे." बोकर्येने वडी त्याच्यापुढे धरली. "तू तर रोज आत जातोस. माझ्यापेक्षा तुलाच गरज."

तो दचकून मागे सरला. "नको, नको! माझी नोकरी घालवता का?"

योनसिलला रडता रडता फिस्सकन हसू आलं. मग ती त्याच्याकडे बघतच राहिली. यालाही नोकरीचीच भीती.

बोकर्ये रस्ता ओलांडून बायकांत जाऊन बसली. कुणीतरी थेग्यूचा फोटो तिच्या हातात दिला. योनसिल बराच वेळ दारापाशीच उभी होती. शेवटी तीही आली आणि आईच्या हातातली वडी काढून फडक्यात बांधू लागली.

"थेग्यूसाठी ठेवते."

"आंबेल गं उद्यापर्यंत."

"आंबू दे."

"आणि मुकादम?"

योनसिलने गाठ घट्ट आवळली.

"उद्या ताजा आणीन," ती म्हणाली. "तू जरा सरक."